मालनकाकूंचा बावीस खोल्यांचा बंगला

आमच्या सोसायटीत कुणी जरा वाढवून बोललं की लोक म्हणतात, "हा झाला मालनकाकूंचा बंगला." मग तो जावयाचा पगार असो, नव्या टॉवरच्या जाहिरातीतला पोहण्याचा तलाव असो, की गणपतीत अमक्याने एका बैठकीत संपवलेले मोदक असोत. बोरीवली पूर्वेच्या आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत हा वाक्प्रचार इतका रुळलाय की मागे एकदा सेक्रेटरींनी तो वार्षिक सभेच्या वृत्तांतात लिहून टाकला. "गळती थांबवण्याची ठेकेदाराने दिलेली हमी म्हणजे मालनकाकूंचा बंगला आहे, असे सभेचे मत पडले." वृत्तांत मालनकाकूंनीही वाचला, खाली सही केली आणि म्हणाल्या, "निदान नाव तरी कागदावर आलं."

मालन घाडी, वय चौऱ्याहत्तर, दुसरा मजला. मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर तो दोन वर्षं खिडकीत बसून होता आणि काकू पोळीभाजीचे डबे करून घर चालवत होत्या. हे त्या कधी सांगत नाहीत, हे आम्हाला त्यांच्या मुलाकडून, सुयोगकडून कळलं. त्या सांगतात ते बंगल्याचं. लहानपणी, बारा वर्षांच्या होईपर्यंत, त्या इथल्याच खाडीपलीकडच्या एका बेटावर बंगल्यात राहत होत्या. बेटाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी तिथे वेफर्सच्या पाकिटांचा थर साचेल.

मी सोसायटीत राहायला आलो तेव्हा त्या बंगल्यात एक झुंबर होतं. पाच वर्षांत त्याची तीन झाली. मग दिवाणखान्यात बेल्जियमचा आरसा आला, त्यात अख्खी खाडी दिसायची. त्यानंतर आवारात हरणांची जोडी आली. करोनात, आम्ही सगळे घरात अडकून पडलो होतो त्या काळात, हरणांना पाडस झालं. कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. घरबसल्या एवढी एकच बातमी चांगली होती.

एक आकडा मात्र इतक्या वर्षांत हलला नाही. खोल्या बावीस. कधी एकवीस नाहीत, कधी पंचवीस नाहीत. खोटं बोलणाऱ्याचा आकडा दर खेपेला बदलतो असं म्हणतात. पण तळमजल्यावरचे दत्ताराम मेस्त्री असल्या बारकाव्यांत शिरणारे नव्हेत. दत्ताराम म्हणजे चाळीस वर्षं कारखान्यात टर्नर असलेले, सुताचा फरक न चालणारे गृहस्थ. अजूनही खिशात टेप घेऊन फिरतात आणि पार्किंगच्या रेषा मोजतात. काकू जिना उतरताना दिसल्या की त्यांचं ठरलेलं असायचं, "काय गो मालनबाय, आज खयच्या खोलयेत झोपललंस? अठराव्या की एकोणिसाव्या?"

"तुझ्या डोक्यातल्या," काकू म्हणायच्या. "थय जागाच जागा आसा."

आता हे असंच आनंदात चालू राहिलं असतं. पण सुयोगची मुलगी रुचिरा आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला गेली आणि त्यांच्या कॉलेजने सांगितलं, एखादी जुनी पडीक वास्तू शोधा, मोजा, तिचा नकाशा काढा आणि तिथे राहिलेल्या माणसाच्या आठवणी त्याला जोडा. वर्गातल्या बाकीच्या मुलांनी देवळं, चर्च, तलाव असं काय काय घेतलं. रुचिराला शोधायची गरजच नव्हती. ती लहानपणापासून आजीच्या गोष्टींतल्या त्या बंगल्यात झोपत आली होती. तिने लिहून दिलं, "बावीस खोल्यांचा सागरी बंगला, माझ्या पणजोबांचे निवासस्थान." सरांनी भुवया उंचावल्या. एवढा मोठा बंगला तिथे असल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. पण मुलीचा उत्साह बघून त्यांनी मंजुरी दिली, वर बजावलं की जागेवर काही वेगळं निघालं तर आता दुसरा विषय घ्यायला वेळ नाही, वर्ष अडकेल. शुक्रवारी काम द्यायचं होतं. त्याआधीच्या रविवारी बेटावर जायचं ठरलं. टेपचं दुसरं टोक धरायला तिने मला सांगितलं. दत्तारामांना कुणीच सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "मीच येतंय. मोजमापाचा काम आसा. पोरांच्या भरवशार ठेवूचा नाय."

शनिवारी संध्याकाळी मालनकाकू माझ्याकडे आल्या. चहा नको म्हणाल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"एक विचारू? पडक्या घराच्या खोल्या मोजता येतात का रे?"

"जोतं शाबूत असलं की येतात."

"जोतं पण पडतं का कधी?"

"काकू, बंगला होता ना?"

"होता म्हणजे? अजून आहे." त्या जरा थांबल्या. "आमचा नव्हता, इतकंच."

 त्यांना माझा चेहरा आवडला नाही.

"तू तुझ्या बँकेला 'आमची बँक' म्हणतोस. तुझ्या बापाने काढली? तसंच ते. बंगला कापसाच्या एका शेठचा. बाबा तिथे माळी, आई आतलं बघायची. आम्ही मागच्या खोपटात. शेठ दिवाळीत आठ दिवस आणि मे महिन्यात पंधरा दिवस यायचा. मग मला सांग, बाकीचं वर्षभर बंगला कोणाचा?"

हिशेब म्हणून यात चूक काढता येत नव्हती.

"पोरीने कॉलेजात लिहून दिलंय, पणजोबांचं निवासस्थान. मला वाचून दाखवलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण वाचताना तिचं तोंड असं काही झालं होतं ना, मी म्हटलं, छान लिहिलंयस." त्यांनी पदराने टेबलावरचा नसलेला डाग पुसला. "खोल्या बावीस निघू देत. मग बाकीचं खपून जाईल. नाही निघाल्या तर ती म्हणेल आजीचं सगळंच खोटं. मग आईबाबांचं खरंसुद्धा खोट्यातच जाईल."

"पण बावीस नक्की?"

"ते नक्की. आईच्या तोंडून रोज ऐकलंय. बावीस झाल्या की सुटलो."

रात्रीच्या जेवणाला त्यांनी शेवटचा प्रयत्न केला म्हणे. आधी गुडघा दुखला, मग बेटावर घोणस असते असं आठवलं, मग उद्या संकष्टी निघाली. रुचिराने मोबाइलवर बघून सांगितलं, "आजी, संकष्टी गेल्या आठवड्यात झाली. तू साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतलीस."

सकाळी आम्ही चौघं बसने जेट्टीवर गेलो, फेरीबोटीने खाडी ओलांडली आणि पलीकडून एक छोटी होडी केली. होडीवाला म्हणाला, दोनच्या आत परत फिरा, पाणी उतरलं की होडी चिखलात बसेल. काकू होडीत मधोमध बसल्या होत्या, मांडीवर घावण्यांचा डबा. दत्ताराम समोर. त्यांनी बरोबर दोन टेपा, एक ओळंबा आणि कानाला पेन्सिल आणली होती.

"मालनबाय, हरणा हत काय गो अजून? मी पाव आणलंय तेंका."

काकूंनी उत्तर दिलं नाही. हे पहिल्यांदाच घडत होतं. दत्ताराम एवढे गोंधळले की पाव त्यांनी स्वतःच खाल्ला.

तिवरांच्या कडेने दहा मिनिटं चाललं की माडांच्या मागे बंगला येतो. म्हणजे जे उरलंय ते. छप्पर नाही. भिंती कुठे खांद्याइतक्या, कुठे गुडघ्याइतक्या. एका कोपऱ्यातून वडाचं झाड आत आलंय आणि पाहुण्यासारखं संकोच न करता ऐसपैस बसलंय. लादी मात्र बरीच शाबूत. भिंतींवर प्रेमिकांनी नावं कोरलेली होती, बदामाच्या आत. ती वाचत गेलं तर या घरात निदान चाळीस लग्नं ठरली असावीत. झुंबर, आरसा, हरणं यांचा प्रश्नच नव्हता. पण समोर सात दगडी पायऱ्या होत्या, रुंद, देखण्या, आणि त्यांच्यापलीकडे तीन बाजूंना पाणी. रुचिरा पायऱ्यांवरून पळत वर गेली आणि म्हणाली, "आजी, झकास आहे गं." काकूंचा चेहरा क्षणभर उजळला.

मग मोजणी सुरू झाली. रुचिरा पुढे, तिच्या मागे टेप घेऊन दत्ताराम, टेपचं दुसरं टोक धरून मी. दिवाणखाना, त्याच्या दोन्ही बाजूंच्या दोन खोल्या, मागे जेवणघर, कोठार. पाच. आणखी दोन निजायच्या खोल्या. सहा. सात. समुद्राकडचा लांब सज्जा धरून आठ. न्हाणीघर नऊ. दत्तारामांनी न्हाणीघराला खोली म्हणायला हरकत घेतली, मी हरकतीला हरकत घेतली. एक अडगळीची जागा, एक देवघर असावं असा कोनाडा असलेली खोली. अकरा. त्यानंतर माड होते.

रुचिराने पुन्हा एक फेरी मारली. पुन्हा अकराच.

"वरचा मजला असेल," ती म्हणाली. दत्तारामांनी जिना दाखवला. तो गच्चीवर जाणारा होता, भिंतींची जाडी मजला पेलणारी नव्हती, हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. त्यांचाही जोर गेला होता. माणूस तीस वर्षं एखाद्याला खोटं ठरवायला धडपडतो आणि ते ठरलं की त्याला कळत नाही आता काय करायचं.

"उरलेल्यो अकरा भरतीबरोबर गेल्यो आसतीत," ते पुटपुटले. कुणी हसलं नाही, तेही नाहीत.

रुचिरा वही मिटून लादीवर बसली. "आजी, बावीस होत्या ना गं? तू नेहमी बावीस सांगितलंस. मी लिहून दिलंय."

मालनकाकू दिवाणखान्याच्या मधोमध उभ्या होत्या. मला वाटलं आता त्या म्हणतील, वादळात पडल्या, सरकारने पाडल्या, काहीतरी. तीन झुंबरं टांगलेल्या बाईला अकरा खोल्या पाडणं काय अवघड. पण त्या खाली वाकल्या. हाताने लादीवरची वाळू बाजूला केली. बोट फिरवलं. मग खाली बसल्या आणि तळहात सबंध टेकवला. ओठ हलत होते.

"तीन," त्या म्हणाल्या.

"काय तीन?"

"हा दिवाणखाना. तीन. त्या बाजूच्या दोन, एकेक. पाच. जेवणघर..." त्या थांबल्या.  त्यांनी एकदा नातीकडे पाहिलं, एकदा दत्तारामांकडे. तेव्हा मला कळलं की त्यांना काहीतरी आठवलंय आणि ते सांगायचं की गिळायचं हे त्या ठरवतायत. गिळलं तर त्या थापाड्या ठरणार होत्या. आणि सांगितलं तर, ते दत्तारामांच्या देखत सांगावं लागणार होतं.

"खोल्या नाही गं," त्या म्हणाल्या. "बादल्या."

"कसल्या बादल्या?"

"लादी पुसायच्या. सबंध बंगला पुसायला बावीस बादल्या पाणी लागायचं. मी विहिरीवरून भरून आणायची, आई पुसायची. दर बादलीला आई मोठ्याने मोजायची. बावीस झाल्या की म्हणायची, सुटलो. मी सहा-सात वर्षांची. मला तेवढेच आकडे येत होते. पुढे सांगता सांगता त्याच्या खोल्या कधी झाल्या, देवाशपथ मला कळलं नाही."

 रुचिराने विचारलं, "म्हणजे पणजी इथे लादी पुसायची?"

"पुसायची. भांडी घासायची, झुंबराच्या काचा रिठ्याच्या पाण्याने धुवायची. एकच होतं झुंबर. आम्ही त्या माडांच्या पलीकडे राहायचो, खोपटात. हे घर आमचं नव्हतं. तुझ्या सरांना सांग, आजीने फसवलं."

खाडीवरून वारा आला. दत्तारामांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा लावली.

"बावीस बादल्यो तू भरलंस?" ते म्हणाले. "येवढ्याशा पोरीन?"

"चव्वेचाळीस खेपा झाल्या. रिकामी बादली पण न्यावीच लागते रे विहिरीपर्यंत."

"खाडी हयच आसा. तेचा पाणी घेवचा ना."

"खाऱ्या पाण्याने लादी पांढरी पडते. टर्नरला काय कळतंय." ही आमची नेहमीची काकू होती, परत आलेली.

रुचिरा उठली. मला वाटलं ती चिडून बाहेर जाईल. तिने वही उघडली आणि पेन्सिलीचं टोक तपासलं. "जेवणघराला किती, आजी?"

"दोन. खोली लहान, पण तेलकट. एकीने निघायचं नाही."

"सज्जा?"

"चार. वाऱ्याने मीठ येऊन बसायचं. शेठच्या खोलीला अर्धी. तिथे कोण जातंय वर्षभर."

"थांब. दाखव कसं पुसायचात ते. सुरुवात कुठून?"

मग मी जे पाहिलं ते मला अजून दिसतं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघा दुखणारी, संकष्टी पुढे करणारी, कोपऱ्यात जाऊन वाकली आणि उलटी चालायला लागली. हात डावीकडून उजवीकडे, पाऊल मागे. हात, पाऊल. लादी पुसणारा माणूस कधी दाराकडून सुरुवात करत नाही, नाहीतर ओल्या फरशीत स्वतःच कोंडला जातो. तो लांबच्या कोपऱ्यातून मागे मागे येतो आणि दारातून बाहेर पडतो. मी त्यांच्या मागे हात पसरून उभा, पडल्या तर धरायला. दत्ताराम म्हणत होते, "सांभाळून गो, दगड आसा." त्या मागे न बघता म्हणाल्या, "माका म्हाईत आसा." आणि दगडाला वळसा घालून गेल्या.

आम्ही ज्याला एक मोठी खोली समजत होतो तिच्या मधोमध त्या थांबल्या. "इथे दार." दार नव्हतं, भिंतसुद्धा नव्हती. रुचिराने गुडघ्यावर बसून वाळू सारली. लादीत एक सरळ खाच होती, दार असलेल्या लाकडी आडभिंतीसाठी घातलेली. ती फळ्यांची भिंत कधीच कुणीतरी जळणाला नेली होती. तसंच पुढे आणखी एका ठिकाणी.

"तेरा झाल्या," रुचिरा म्हणाली.

"बंगलो वाढता आसा," दत्ताराम म्हणाले, आणि टेपचं टोक त्यांनी स्वतः जाऊन खाचेत धरलं.

तासाभराने दत्तारामांनी पेन्सिलीने लादीवरच हिशेब मांडला. एका बादलीत साधारण दीडशे चौरस फूट. तेलकट जेवणघर, मिठाचा सज्जा आणि न वापरलेली शेठची खोली सोडली तर प्रत्येक खोलीत तेच प्रमाण, दहा-पंधरा फुटांच्या फरकाने. आकडे दोनदा तपासले. मग चष्मा काढून पुसला. "सुताचोच फरक आसा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढी मोठी पावती मी याआधी कुणाला दिलेली ऐकली नव्हती.

होडीवाला हाका मारायला लागला तेव्हा आम्ही घावणे खात होतो. रुचिरा नकाशावर एका कोपऱ्यात लिहीत होती.

"आजी, खाली नाव टाकायचं असतं. माहिती कोणी दिली त्याचं. मालन घाडी लिहिते. पण बादल्यांचं माप तर पणजीचं. तिचं नाव काय?"

घावण्याचा तुकडा काकूंच्या हातातच राहिला. मी आठवून पाहिलं. इतक्या वर्षांत या बंगल्यातल्या कुत्र्याचं नाव आम्हाला पाठ झालं होतं. आईचं नाव कधी आलंच नव्हतं.

"द्वारका," काकू म्हणाल्या. "द्वारका परब."

"काय म्हणून लिहू? घर सांभाळायची असं लिहू का? म्हणजे, सोसायटीतले पण बघतील. आई फोटो टाकणारच ग्रुपवर."

काकूंनी दत्तारामांकडे पाहिलं. दत्ताराम लगबगीने ओळंब्याची दोरी गुंडाळायला लागले.

"सांभाळायची नको. ते शेठच्या बायकोला पण म्हणता येतं," काकू म्हणाल्या. "लादी पुसायची असंच लिही. आणि बाबांचं पण लिही. माळी. माड त्यांनी लावलेत."

शुक्रवारी रुचिराने काम दिलं. 'निवासस्थान' हा शब्द तिने स्वतः खोडला आणि खाली दुरुस्तीची तारीख घातली. सरांनी दोन दिवस काही कळवलं नाही. त्या दोन दिवसांत काकू तीनदा माझ्याकडे आल्या आणि तिन्ही वेळा चहा नको म्हणाल्या. मग निरोप आला, आजींना घेऊन या.

कॉलेजात भिंतीवर सगळ्यांचे नकाशे लावले होते. बाकीच्यांच्या नकाशांवर फूट आणि मीटर होते. रुचिराच्या नकाशावर प्रत्येक खोलीत फुटांच्या शेजारी एक छोटी बादली काढलेली, कुठे एक, कुठे चार, शेठच्या खोलीत अर्धी. सर त्याच्यासमोर उभे होते. पस्तिशीचे असतील, चष्मा कपाळावर चढवलेला.

"मी अशा पुष्कळ जुन्या घरांचे नकाशे पाहिलेत," ते म्हणाले. "कोण राहायचं ते सगळीकडे असतं. कोण पुसायचं ते पहिल्यांदाच बघतोय. आजी, ही विहीर घरापासून इतकी लांब का?"

"जवळ खणली तर खारी लागते. बाबांनी तीनदा खणली. बसू का? मग नीट सांगते."

मुलांनी खुर्ची आणली. काकूंनी पर्स रुचिराकडे दिली आणि सांगायला लागल्या. मी कान टवकारून होतो, पण हरीण एकदाही आलं नाही. द्वारका मात्र आली, पाठीवर ओला पदर, पायांना कोंबडीच्या पायांसारखी फुटलेली कातडी, फडकं पिळताना गाणं म्हणणारी. पुढच्या तासाची मुलं दाराशी येऊन थांबली होती. सरांनी त्यांना आत यायची खूण केली. बाकं पुरेनात, तेव्हा ती लादीवर बसली.

निघताना सर म्हणाले, "पुढच्या महिन्यात पुढची तुकडी बेटावर न्यायचा विचार आहे. तुम्ही याल का? तुमच्याशिवाय ती दारं सापडायची नाहीत."

काकूंनी वर्गातल्या मुलांवरून एकदा नजर फिरवली. "येते की. पण यांना सांगा, चपला बाहेर काढायच्या. आणि किती जणं ते आधी कळवा. घावणे त्या बेताने करायला हवेत."